बिनविरोध वाजलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी हातघंटा आहे. लाकडी मूठ, काशाचे अंग आणि पोटात एक लोळा, एवढाच माझा संसार. माझ्या कडेवर एक इंग्रजी शब्द कोरलेला आहे. मला कोणी टेबलावर ठेवू लागले की वाटते, तो शब्द भिंतीकडे वळवून ठेवावा. पण माणसे तोच शब्द नेमका समोर येईल असे मला ठेवतात. त्यांना तो भूषण वाटतो. मला त्याची लाज वाटते, आणि का वाटते तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म इंग्लंडातल्या एका ओतशाळेत झाला. तांबे आणि कथील एकत्र वितळवून मला साच्यात ओतले. मी थंड झाल्यावर एका म्हाताऱ्या कारागिराने मला टिचकी मारली आणि कानाशी धरले. माझा नाद विरेपर्यंत तो हलला नाही. मग दुसऱ्या घंटेकडे वळला. इतके लक्ष देऊन मला पुन्हा फार थोड्या माणसांनी ऐकले.

पुढे जहाजातून मी दक्षिणेकडच्या समुद्रात गेले. तिथे इंग्रजांनी एक बंदराचे शहर वसवले होते. शहराच्या कचेरीत मला काम मिळाले. आग लागली, मूल हरवले, लिलाव निघाला, की माझा मूठभर आवाज गल्लीगल्लीतून फिरे. लोक कामे टाकून दारात येत. शिपाई आधी मला वाजवी, मग थांबे आणि मग बोले. घंटा वाजते ती गलबला थांबावा म्हणून, आणि गलबला थांबायचा तो एका माणसाचे बोलणे सगळ्यांना ऐकू यावे म्हणून. हे मला तिथेच कळले. त्या दिवसांत माझे अंग रोज पुसले जाई आणि मी ताठ मानेने वाजत असे.

एकदा तिथल्या कायदेमंडळाचा एक सभासद घोड्यावरून पडून वारला आणि त्याची जागा रिकामी झाली. अशा वेळी जी मधली निवडणूक होते, तिला मराठीत पोटनिवडणूक म्हणतात. हा शब्द मला फार उशिरा कळला, पण आवडला. माझेही सगळे पोटातच आहे ना!

तेव्हा मतपेट्या नव्हत्या. कचेरीपुढे लाकडी मंच बांधत. जमलेल्या लोकांपुढे एकाने उमेदवाराचे नाव सुचवायचे, दुसऱ्याने त्याला अनुमोदन द्यायचे. अनुमोदन म्हणजे "मलाही हे मान्य आहे" असे उभे राहून मोठ्याने सांगणे. ते मिळाले नाही तर नाव पडले. तिथे बायकांना विचारीत नसत. ज्यांची ती जमीन मुळात होती, त्या लोकांपैकी बहुतेकांनाही विचारीत नसत.

त्या दिवशी आधी एका जहाजमालकाचे नाव आले. त्याला अनुमोदन लगेच मिळाले. मग गोदीतल्या कामगारांनी आपल्यातल्या एकाचे नाव सुचवले. त्याला अनुमोदन द्यायला एक शिडे शिवणारा मंचाजवळ आला. उंच, रुंद खांद्यांचा, हातांना डांबर लागलेले. त्याचे नाव मला कधीच कळले नाही. तो बोलताना अडखळत असे. पहिले अक्षर ओठांवर येऊन अडे आणि मान थरथरू लागे.

"अहो, उद्या यायचं का ऐकायला?" गर्दीतून कोणी तरी ओरडले. लोक हसले.

मंचावरच्या अधिकाऱ्याने घड्याळ पाहिले. त्याचे जेवण खोळंबले होते. मी त्याच्या हातात होते, आणि तिथून मला त्या माणसाचे ओठ दिसत होते. शब्द येत होता. मित्रांनो, शब्द अगदी दाराशी आला होता. तेवढ्यात अधिकाऱ्याने मला उचलून जोराने वाजवले.

"दुसऱ्या नावाला अनुमोदन नाही," तो म्हणाला. "पहिले गृहस्थ बिनविरोध निवडून आले."

मी वाजत असतानाच त्या माणसाचा शब्द सुटला. अख्खे वाक्य तो न अडखळता बोलला. ते मी एकटीने ऐकले, कारण ते माझ्याच आवाजात बुडाले.

जहाजमालक खूश झाला. त्याने मला कचेरीतून मागून घेतले आणि माझ्या कडेवर तो शब्द कोरून घेतला. त्याच्या दिवाणखान्यात मी पाहुण्यांना दाखवायची वस्तू झाले. मला अक्षरे येत नव्हती. अंगावर काय कोरले आहे ते ठाऊक नव्हते, पण बोटे त्या जागी फिरली की कोणाचा तरी शब्द अजून आत अडकला आहे असे वाटे.

वर्षे गेली. त्या घरातली एक नात लग्न होऊन अमेरिकेत टेक्ससला आली आणि तिच्या पेटीतून मीही आले. काही काळ मी मुलांना जेवायला बोलावले. मग मुले मोठी झाली, आणि मला गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे ठेवले. माझ्या पोटात कोळ्याने जाळे विणले. खरे सांगू? ते मला बरे वाटले. जाळ्यामुळे लोळा हलत नव्हता.

शेवटी त्या घराचे सामान विकायला अंगणात मांडले, तेव्हा जवळच्या प्लेनो शहरातले दिगंबरकाका आणि सुलभाकाकू तिथे आले. काका मूळचे नागपूरचे, नोकरीतून निवृत्त झालेले आणि तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. सामान विकणाऱ्या बाईंनी त्यांना आपल्या खापरपणजोबांच्या निवडणुकीची गोष्ट सांगितली. शिडे शिवणारा त्या गोष्टीत नव्हता.

"अगं सुलभा, वाच हे! अनअपोज्ड! म्हणजे बिनविरोध!" काका म्हणाले. "ही आपल्या मंडळासाठीच बनली आहे बघ."

"घरात दोन घंटा आहेत. तिसरी कशाला?"

"त्या आरतीच्या. ही लोकशाहीची आहे."

"मग लोकशाही घासायची चिंच तुम्हीच भिजवा," काकू म्हणाल्या.

काकांनी खरोखर चिंच लावून मला लख्ख केले. मंडळाच्या वार्षिक सभेत ते मला उंच धरीत आणि माझी गोष्ट सांगत. "आपल्या मंडळात आजवर एकही निवडणूक झाली नाही. सगळं बिनविरोध! गावाकडे ग्रामपंचायत बिनविरोध झाली की केवढं कौतुक होतं. आपण तर साता समुद्रापार ते जपलं आहे." टाळ्या पडत. कोणी कोणते पद घ्यायचे ते आधीच कोणाच्या तरी घरी चहा पिताना ठरलेले असे. सभेत नाव वाचायचे, मला वाजवायचे आणि जेवायला उठायचे.

सभा वर्षातून एकदा. एरवी मी मंडळाच्या हॉलमधल्या कपाटात असे, आणि ते माझे भाग्य ठरले. कारण दर रविवारी सकाळी त्याच हॉलमध्ये ज्ञानदामावशी मुलांना मराठी शिकवीत. वर्ग सुरू करायला त्या मला हलकेच वाजवीत आणि टेबलावर ठेवीत. तिथे बसून, मित्रांनो, मी अक्षरे शिकले. माझे वय दीडशेच्या पुढे, आणि माझ्या वर्गातली मुले दात पडलेली. पण अक्षर ओळखता येण्याचा आनंद उशिरा आला म्हणून कमी होत नाही. बाराखडी पुरी झाली त्या दिवशी मला पुन्हा ओतल्यासारखे वाटले.

माझ्याबरोबर शिकणारी प्रीता मला सर्वांत जवळची. ती अमेरिकेतच जन्मलेली. घरी आई-बाबा मराठी बोलत आणि ती इंग्रजीत उत्तर देई. तिला 'ळ' म्हणता येत नसे.

"घंटेच्या पोटात काय आहे?" मावशी विचारीत.

"लोला!"

मुले हसू लागली की मावशी हात वर करीत. "थांबा. येतंय तिचं."

आणि सगळे थांबत. प्रीता जीभ मागे वळवी, डोळे मिटी, पुन्हा प्रयत्न करी. एका रविवारी तिच्या तोंडून "लोळा" बाहेर पडला तेव्हा मुलांनी बाके बडवली. इतका वेळ दिला तर कोणताही शब्द येतो, हे मी त्या वर्गात पाहिले.

एकदा मावशींनी 'बिन' शिकवले. "बिन म्हणजे शिवाय. बिनसाखरेचा चहा. बिनकामाची कटकट. आणि आपल्या घंटेवर आहे तो शब्द, बिनविरोध."

प्रीताने माझ्या कडेवर बोट फिरवले. "मीन्स कोणी नो म्हटलं नाही?" तिने विचारले. "की कोणी आस्कच केलं नाही?"

मावशी हसल्या आणि पुढच्या शब्दाकडे वळल्या. मला उत्तर ठाऊक होते. पण घंटेला स्वतःहून बोलता येत नाही.

प्रीता मोठी झाली, कॉलेजात गेली, तरी सुट्टीच्या रविवारी लहान मुलांना अक्षरे गिरवून घ्यायला येई. आणि यंदा आमच्या मंडळात पोटनिवडणुकीची वेळ आली. मंडळाच्या सचिवांची डब्लिनला बदली झाली. मी जुनी इंग्रजी घंटा. मला आधी वाटले, बिचारे आयर्लंडला चालले. मग कळले की ओहायोत सुद्धा एक डब्लिन आहे.

सचिवाच्या जागेसाठी शेजारच्या अर्विंग शहरात कंपनीत काम करणाऱ्या प्रसादचे नाव चहावर ठरले होते. प्रसाद मनाने चांगला, नाटकाचा वेडा. त्याने आधीच सांगून टाकले होते, "रविवारची सकाळ तालमीला लागेल. क्लासला येतात किती? मूठभर पोरं. ती ऑनलाइन शिकतील ना यार."

हॉल कोणाला कधी द्यायचा हे सचिवच ठरवतात. म्हणून ज्ञानदामावशींनी स्वतः उभे राहायचे ठरवले.

"ताई, आपल्याकडे असं कधी झालं नाही," दिगंबरकाका म्हणाले. "मतं मोजायची म्हणजे भांडण."

"मोजू की, दिगंबरराव. मोजण्यात कसलं भांडण?"

मावशींचे नाव सुचवायला सुलभाकाकू तयार झाल्या. घरी त्यावर काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. अनुमोदन कोण देणार, असे मावशींनी वर्गात सहज म्हटले, तेव्हा प्रीता म्हणाली, "मी देते. मी आता मेंबर आहे. आय वॉन्ट टू."

"अगं, मंडळाच्या घटनेत आहे, सभेत मराठीतच बोलायचं."

"मग बोलते ना मराठीत."

सभेच्या आधी ती एकटीच हॉलमध्ये आली. मला समोर ठेवून पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "माझं अनुमोदन आहे. माझं अनुमोदन आहे." छान म्हणत होती. तिच्यासाठी ते साधे वाक्य नव्हते. ज्या खोलीत तिला मराठी मिळाली, ती खोली त्या वाक्यावर उभी होती.

सभेला हॉल भरला. अर्विंगहून मागवलेले जेवण मागच्या टेबलांवर येऊन पडले होते आणि मसालेभाताचा वास सुटला होता. प्रसादचे नाव आले, अनुमोदन आले, टाळ्या झाल्या. मग सुलभाकाकूंनी उभे राहून ज्ञानदामावशींचे नाव सुचवले. हॉलमध्ये चुळबुळ झाली.

"अनुमोदन?" दिगंबरकाकांनी विचारले. मी त्यांच्या उजव्या हातात होते.

प्रीता उभी राहिली. एवढे चेहरे एकदम वळले आणि तिचा चेहरा उतरला. "माझं," ती म्हणाली. "माझं... अनु... अनुमोहन आहे."

 मागून एक आवाज आला, "मोहन कोण गं? बरोबर आणलायस का?"

सगळा हॉल हसला. दुष्टपणाने हसला असे मी म्हणणार नाही. जेवायच्या आधी माणसे हसतात तसा हसला. "आणलाय तर जेवायला बसव त्याला!" आणखी कोणी म्हणाले, आणि पुन्हा हसू उसळले. शेजारी बसलेल्या प्रीताच्या बाबांचे कान लाल झाले होते. त्यांनी तिची बाही ओढली. "बस खाली, प्रीता. इनफ."

ती बसली नाही. तिने डोळे मिटले. 'ळ' म्हणताना मिटायची तसेच. तिचे ओठ जुळले. मला ते दिसत होते. शब्द येत होता, मित्रांनो, अगदी दाराशी आला होता.

ज्ञानदामावशींनी हात वर केला. "थांबा, येतं—"

काकांनी मागच्या टेबलाकडे पाहिले आणि मला वाजवले.

मी काशाची आहे. मला हलवले की मी वाजते. पण त्या क्षणी कोणी माझा लोळा उपटून घेतला असता तर मी त्याचे पाय धरले असते. माझ्या नादाखाली प्रीता म्हणाली, "माझं अनुमोदन आहे." स्वच्छ म्हणाली. एकही अक्षर चुकले नाही.

"म्हणाली ती!" सुलभाकाकू ओरडल्या. "मी ऐकलं."

"आता घंटा झाली ना गं," काका हसत म्हणाले. "दुसऱ्या नावाला अनुमोदन नाही. प्रसाद बिनविरोध!"

टाळ्या झाल्या. काकूंनीच नाव सुचवलेले, तेव्हा त्यांचे अनुमोदन चालत नव्हते. बाकी कोणी उठले नाही. खुर्च्या सरकल्या, ताटांची रांग लागली. प्रीता मागच्या दाराने बाहेर गेली आणि मोटारीत जाऊन बसली. काही लोकांना तिचे जाणे दिसले. त्यांनी ताटाकडे पाहिले.

घरी जाताना मी काकूंच्या मांडीवर होते. काका गाडी चालवत होते.

"मराठी बोला, मराठी बोला, असं आपणच त्या पोरांच्या मागे लागतो," काकू म्हणाल्या. "आणि बोलली की हसतो."

"गंमत होती गं ती. मनाला काय लावून घ्यायचं?"

"तुम्ही पहिल्या ऑफिसात 'शेड्यूल' म्हणालात. इथे 'स्केड्यूल' म्हणतात. सगळे हसले. ती पण गंमतच होती. त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही डबा गाडीत बसून खात होतात."

 काकांचा हायवेवरून बाहेर पडायचा रस्ता चुकला.

पुढच्या रविवारपासून हॉलमध्ये तालमी सुरू झाल्या. ज्ञानदामावशींचा वर्ग त्यांच्या घरच्या गॅरेजमध्ये गेला. लांब राहणारी काही मुले यायची बंद झाली. मला काकांनी हॉलच्या कपाटात परत ठेवलेच नाही. घरच्या फडताळात ठेवले, आणि पहिल्यांदाच माझा शब्द भिंतीकडे केला. येता-जाता ते माझ्याकडे बघत आणि नजर वळवीत. त्यांच्या तोंडावरची ती लाज मला ओळखीची होती. इतकी वर्षे ती माझ्या एकटीचीच आहे असे मी समजत होते.

काही रविवार असेच गेले. मग एका सकाळी त्यांनी मला उचलले आणि मावशींच्या घरी नेले. गॅरेजचे दार वर होते. आत घडीच्या खुर्च्यांवर मुले बसली होती आणि प्रीता फळ्यावर 'क'ची बाराखडी लिहीत होती. काकांना पाहून तिचा हात थांबला. मावशी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठल्या नाहीत.

मी वाजू नये म्हणून काकांनी माझ्या पोटात बोटे घालून लोळा घट्ट धरला होता. ती बोटे घामेजली होती.

"प्रीता," ते म्हणाले. "त्या दिवशी मी... म्हणजे मला... आय..."

पुढे शब्द येईना. सभेत तासतास बोलणारा माणूस. मराठीत म्हणावे की इंग्रजीत, तेही त्यांना ठरवता येईना. नुसते ओठ हलत राहिले. पुढच्या खुर्चीवरचा छोटा वेद फिसकन हसला.

प्रीताने हात वर केला. ती वेदकडे बघत नव्हती. काकांच्या ओठांकडे बघत होती.

"थांब, वेद," ती म्हणाली. "येतंय त्यांचं."

सगळे थांबले. कोणी घड्याळ पाहिले नाही. रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज विरला, तरी सगळे थांबलेलेच होते.

"चुकलो मी," काका म्हणाले. "तू बोलत होतीस. मी ऐकायला हवं होतं."

प्रीताने मान हलवली. मग खडू खाली ठेवत म्हणाली, "मोहनला पण सॉरी म्हणा, काका."

मावशी हसल्या. काका हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि बोटे अगदी सावकाश काढली.

तेव्हापासून मी या गॅरेजमध्ये आहे. निवड बदलली नाही, हॉल परत मिळाला नाही, गेलेली मुलेही अजून आली नाहीत. क्षमा मागितली म्हणून घंटेचा टोल मागे घेता येत नाही. माझ्या अंगावरचा शब्दही घासून जाणार नाही. तो फार खोल कोरलेला आहे. मुले त्यावर बोट फिरवून विचारतात, आणि प्रीता त्यांना शिडे शिवणाऱ्याची नाही, मोहनची गोष्ट सांगते. ती तिला ठाऊक आहे. दुसरी मी आज तुम्हाला सांगितली.

मित्रांनो, तुमच्याही हातात कधी तरी घंटा येईल. वर्गाची असेल, सभेची असेल, नाही तर नुसते तुमचे हसणे असेल. तेही एखाद्याच्या बोलण्यावर घंटेसारखेच वाजते. मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणत नाही. काळी पडले तरी चालेल. फक्त वाजवण्याआधी माझा लोळा बोटांत धरा आणि समोरच्याचे ओठ बघा.

येत असेल त्याचं.